पिकअपचं स्टेअरिंग जड लागतंय? बॉक्स बदलण्याआधी हे तपासा

माझ्या मामाची पिकअप आहे. जुन्नर तालुक्यातून टोमॅटोचे क्रेट भरायचे, रात्रीत माळशेज घाट उतरायचा आणि पहाटे वाशीच्या बाजारात गाडी लावायची, हा त्याचा धंदा. मागे एकदा ऐन पावसाळ्यात बाजाराच्या गेटमधून आत वळताना स्टेअरिंग इतकं जड झालं की दोन्ही हातांनी ओढत त्यानं कशीबशी गाडी लावली. गावी परतल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे पाच मिनिटांत निकाल लागला, ‘स्टेअरिंग बॉक्स गेलाय, बदलावाच लागेल.’ सांगितलेला खर्च गाडीच्या हप्त्यापेक्षा जास्त होता.

मामा दुसऱ्या मिस्त्रीकडे गेला. त्यानं बॉनेट उघडण्याआधी तीनच प्रश्न विचारले. ‘मालक, जड लागतं ते उभ्या गाडीत की पळत्या? रेस दिली की हलकं होतं का? पाण्यातून गाडी गेली की जास्त होतं का?’ तिन्हींची उत्तरं मिळाली आणि त्यानं सरळ बेल्टला हात घातला. बेल्ट झिजून सैल झाला होता. काही शे रुपयांत काम झालं. बॉक्स आजही तोच आहे.

स्टेअरिंग जड होण्याची कारणं डझनभर असतील. पण ते कधी जड लागतं, याचं नीट उत्तर दिलं तर त्यातली बरीचशी घरबसल्या गळून पडतात. ती कशी, आणि गॅरेजला जाण्याआधी आपल्याला काय काय तपासता येतं, हे आज समजून घेऊ.

आधी हे बघा : तुमचं स्टेअरिंग कोणत्या प्रकारचं?

पिकअपमध्ये साधारण तीन प्रकार सापडतात. अनेकदा एकाच नावाच्या गाडीच्या वेगवेगळ्या व्हेरियंटमध्ये वेगवेगळं स्टेअरिंग असतं, त्यामुळे शेजाऱ्याची गाडी तीच आहे म्हणून त्याचा उपाय आपल्याला लागू होईलच असं नाही.

पहिला प्रकार साधं स्टेअरिंग. इथे सगळी ताकद तुमच्या हातांची. उभ्या गाडीत ते जड लागणारच, तो बिघाड नाही. पण पूर्वीपेक्षा जास्त जड लागत असेल तर मात्र कारण शोधायला हवं.

दुसरा हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग. इंजिनवरचा बेल्ट एक पंप फिरवतो, पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. बॉनेट उघडल्यावर पॉवर स्टेअरिंग तेलाची छोटी डबी दिसली तर तुमची गाडी या प्रकारातली. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरनं १९२० च्या दशकात ही कल्पना गाडीवर बसवून दाखवली होती. विक्रीच्या गाडीत ती आली १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये.

तिसरा इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग. यात तेल नाही, पंप नाही. मदत करते ती एक विजेवर चालणारी मोटर. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्टेअरिंगच्या चिन्हाचा दिवा क्षणभर लागून विझत असेल तर हा प्रकार असण्याची शक्यता मोठी.

एक गोष्ट तिन्हींत सारखी आहे. स्टेअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी जोडणी असते. पॉवरची मदत बंद पडली तरी स्टेअरिंग वळतं, फक्त खूप जोर लावावा लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे घाटात उपयोगी पडणार आहे.

कधी जड लागतं? लक्षणावरून कारण

उभ्या गाडीत किंवा हळू वेगात जड, रस्त्याला लागल्यावर ठीक : पुढच्या टायरमध्ये हवा कमी, तेल कमी, बेल्ट सैल किंवा पंप कमजोर.

रेस दिली की हलकं होतं : संशय सरळ बेल्ट, तेल आणि पंपावर. इंजिन हळू फिरताना पंपाला पुरेसा दाब तयार करता येत नाही, असा याचा अर्थ.

वळवताना पुढून ‘चूंऽऽ’ असा आवाज येतो : बेल्ट घसरतोय. आवाज घरघर किंवा कण्हल्यासारखा असेल तर तेल कमी आहे किंवा तेलात हवा शिरली आहे.

सकाळी जड, दहा-पंधरा मिनिटांनी ठीक : जुनं तेल किंवा रॅकच्या आतली झिजलेली सीलं.

गाडी तापल्यावर जड : झिजलेला पंप किंवा खराब झालेलं तेल.

एकाच बाजूला वळवताना जड : पंप बिघडला तर दोन्ही बाजूंना त्रास होतो. एकाच बाजूला होत असेल तर रॅक किंवा स्टेअरिंग बॉक्समधल्या व्हॉल्व्हकडे बघावं लागतं.

फिरवताना टप्प्याटप्प्यानं अडकतं, म्हणजे जड-हलकं-जड : स्टेअरिंगच्या दांड्यावरचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘क्रॉस’, गंजला किंवा सुकला असेल. क्रॉस अडकला की स्टेअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात साधारण दोनदा जड जागा येते.

वळण संपलं तरी स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही : बॉल जॉइंट किंवा किंग पिन सुकलेले, अलाइनमेंट बिघडलेली, नाहीतर कोणीतरी बॉक्सचा स्क्रू जास्त आवळलेला.

चालत्या गाडीत एकदम जड झालं : बेल्ट तुटला, तेलाचा पाइप फुटला किंवा इंजिनच बंद पडलं.

गाडी चालूच होत नाही, स्टेअरिंग हलत नाही आणि चावीही फिरत नाही : हा बहुतेक वेळा बिघाडच नसतो, स्टेअरिंग लॉक पडलेलं असतं. एका हातानं स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवत दुसऱ्या हातानं चावी फिरवा, लॉक सुटतं.

घरच्या घरी काय तपासायचं?

नियम एकच, स्वस्तातलं आधी. गाडी सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दगड लावा.

१. टायरची हवा

ऐकायला साधं वाटतं, पण सुरुवात इथूनच करायची. हवा कमी झाली की टायर रस्त्यावर जास्त पसरतो आणि तो वळवायला जास्त जोर लागतो. हवा तपासायची ती टायर थंड असताना. लांबून आल्या आल्या तपासली तर तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दिसतो आणि हवा भरलेली आहे असं वाटून आपण फसतो.

किती हवा हवी हे दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत असतं. पुढच्या आणि मागच्या टायरचे, रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे वेगळे असू शकतात. ‘चारही टायरला सारखीच टाक’ असं सांगायची सवय सोडा. नुकतेच जास्त रुंद टायर टाकले असतील तर त्यानंही स्टेअरिंग जड होतं.

२. पॉवर स्टेअरिंग तेल

डबीवर किंवा तिच्या झाकणाच्या काडीवर कमाल आणि किमान पातळीच्या खुणा असतात. काहींवर गरम आणि थंड तेलासाठी वेगळ्या खुणा असतात. पातळी बघताना तेलाचा रंगही बघा. काळपट झालं असेल, जळका वास येत असेल तर बदलायची वेळ झाली. फेस दिसत असेल तर आत हवा शिरली आहे.

तेल कोणतं टाकायचं हे झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तेच टाका. घाईत हाताशी आहे म्हणून ब्रेक ऑइल तर अजिबात टाकू नका. पॉवर स्टेअरिंगमधली रबरी सीलं त्यानं फुगतात आणि खराब होतात. काही रुपयांच्या तेलाऐवजी मग पंप आणि बॉक्स दोन्ही उघडावे लागतात.

आणखी एक, हे तेल इंजिनमधल्या तेलासारखं जळून संपत नाही. पातळी पुन्हा पुन्हा खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहेच. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. पाइपांचे जोड, पंपाचा शाफ्ट, बॉक्सचा खालचा भाग आणि रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट ही गळतीची नेहमीची ठिकाणं.

३. बेल्ट

इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा, मगच हात घाला. बेल्टला भेगा आहेत का, कडा फाटल्यात का, आतली बाजू काचेसारखी चकाकतेय का, त्यावर तेल उडालंय का, ते बघा. ज्या गाडीत बेल्ट हातानं ताणून बसवतात, तिथे दोन पुलींच्या मधला भाग अंगठ्यानं दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर दबला पाहिजे. नक्की आकडा पुस्तिकेत मिळेल. आपोआप ताण घेणारा टेन्शनर असेल तर ही परीक्षा लागू नाही.

पावसाळ्यात किंवा साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर त्रास वाढत असेल तर बेल्टवरचा संशय पक्का होतो, कारण ओला झालेला सैल बेल्ट लगेच घसरतो.

काही इंजिनांत हाच बेल्ट अल्टरनेटर आणि पाण्याचा पंपही फिरवतो. अशा गाडीत बेल्ट तुटला की स्टेअरिंग जड होतं, बॅटरीचा दिवा लागतो आणि थोड्याच वेळात इंजिन तापतं. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर गाडी तिथेच थांबवा. ‘पुढच्या गावापर्यंत नेऊ’ म्हणालात तर इंजिनचं काम निघेल.

४. इलेक्ट्रिक असेल तर बॅटरी आणि दिवा

डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागून राहिला असेल तर फ्यूज, बॅटरीच्या टर्मिनलवरचा गंज आणि बॅटरीचा व्होल्टेज तपासून घ्या. बॅटरी कमजोर असेल तर मोटरला पुरेशी वीज मिळत नाही. अरुंद जागेत गाडी लावताना स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत बराच वेळ फिरवत राहिलात तर मोटर तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी मदत कमी करते. थोडा वेळ थांबल्यावर ठीक झालं तर हेच झालं होतं. पुढचं काम मात्र स्कॅनर असलेल्या ठिकाणीच.

माल कसा भरलाय, त्याचाही परिणाम होतो

हौद्यात माल जास्त असला की स्टेअरिंग जड होतं, असं सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. माल हौद्याच्या पुढच्या भागात, केबिनला टेकून भरला तर पुढच्या चाकांवर वजन येतं आणि स्टेअरिंग जड होतं. पण माल मागच्या चाकांच्याही मागे साठला तर पुढचा भाग उचलल्यासारखा होतो आणि स्टेअरिंग उलट हलकं लागतं.

हे हलकं लागणं जास्त धोक्याचं. पुढच्या टायरची रस्त्यावरची पकड कमी झालेली असते आणि ओल्या वळणावर गाडी सरळ जाते. त्यामुळे माल भरून निघताना स्टेअरिंग नेहमीपेक्षा हलकं वाटलं तर खूश होऊ नका, उतरून माल पुढे सरकवा. ओव्हरलोडचा दंड तर वेगळाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात तो २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये असा आहे.

मिस्त्रीनं काय तपासायला हवं?

हवा, तेल, बेल्ट सगळं ठीक आहे आणि तरी स्टेअरिंग जड आहे, तर मग गॅरेज गाठायचं. तिथे एक साधी चाचणी करायला सांगा.

गाडीचा पुढचा भाग उचलून मजबूत स्टँडवर ठेवायचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. इंजिन बंद, चावी अशी ठेवायची की स्टेअरिंग लॉक पडणार नाही. आता स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवून बघायचं.

चाकं हवेत असताना ते एकसारखं फिरलं तर जोडण्या बऱ्यापैकी ठीक आहेत. मग दोष टायर, तेल, बेल्ट किंवा पंपाकडे. पंपाचा दाब गेज लावून मोजता येतो. नवा पंप टाकण्याआधी ‘दाब मोजलाय का?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

हवेतही ते अडकत असेल तर कुठेतरी लोखंडाला लोखंड धरतंय. आता दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड चाकांपासून सोडवायचे आणि पुन्हा फिरवायचं. स्टेअरिंग मोकळं झालं तर दोष चाकाच्या बाजूला, म्हणजे बॉल जॉइंट किंवा किंग पिनमध्ये. तरीही जड असेल तर दोष रॅक, बॉक्स किंवा वरच्या दांड्यात. दांडा बॉक्सपासून सोडवला की या दोघांतला कोण, तेही कळतं. अंदाज बांधायची गरज उरत नाही.

ज्या जोडण्यांना ग्रीसचे निप्पल आहेत, त्यांना प्रत्येक सर्व्हिसिंगला ग्रीस मारलं जातंय ना, हे उभं राहून बघा. पुराच्या किंवा ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल तर सर्व्हिसिंगची वाट बघू नका.

स्क्रू आवळताना सावध

जुन्या गाडीत स्टेअरिंगला प्ले आला, म्हणजे ते थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही असं झालं, की बॉक्सवरचा स्क्रू आवळून तो कमी केला जातो. तो जास्त आवळला की स्टेअरिंग जड होतं, वळणानंतर सरळ येत नाही आणि आतले दाते झिजतात. असं काम केल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर कारण दुसरीकडे शोधू नका.

प्ले किती चालतो यालाही मर्यादा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९८ व्या नियमानुसार तो स्टेअरिंगवर ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये. फिटनेसच्या वेळी स्टेअरिंगही तपासलं जातं. पण मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दर वर्षी होतं. मधल्या काळात लक्ष ठेवायचं काम आपलंच.

तेलातली हवा कशी काढतात?

पाइप बदलला किंवा तेल फार खाली गेलं होतं, तर आत हवा अडकते. नुसतं तेल भरून भागत नाही. साधारण पद्धत अशी : पुढची चाकं उचलून घ्यायची, तेल भरायचं, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग सावकाश दोन्ही टोकांपर्यंत बरेचदा फिरवायचं. मधे मधे पातळी बघून तेल टाकत राहायचं. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून हेच पुन्हा करायचं. शेवटी पातळी तपासून झाकण लावायचं.

हे करताना आणि रोजच्या वापरातही स्टेअरिंग अगदी टोकाला नेऊन दाबून धरू नका. तिथे पंपावर सगळ्यात जास्त दाब येतो आणि तेल झपाट्यानं तापतं. टोकाला पोचलात की केसभर मागे घ्यायचं.

घाटात इंजिन बंद करणं महागात पडतं

डिझेल वाचावं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करणारे, काही तर इंजिनच बंद करणारे ड्रायव्हर आपल्याकडे आहेत. इंजिन बंद केल्यावर काय होतं, ते बघा.

हायड्रॉलिक स्टेअरिंगचा पंप थांबतो, म्हणजे भरलेल्या गाडीचं स्टेअरिंग ऐन वळणावर जड होतं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमही तयार व्हायचा थांबतो. साठलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक दोन-तीनदा नीट लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखं होतं. इंजिनचा ब्रेक तर आधीच गेलेला असतो. आणि चावी पूर्ण मागे फिरून निघाली तर स्टेअरिंग लॉक पडू शकतं, मग ते वळतच नाही.

एवढं करून डिझेल किती वाचतं? इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या डिझेल गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारं डिझेल तसंही बंद होतं. म्हणजे खालच्या गिअरमध्ये घाट उतरणं सुरक्षित आहे आणि त्यात डिझेलही वाया जात नाही.

चालत्या गाडीत अचानक जड झालं तर?

घाबरून चावी बंद करू नका. स्टेअरिंग अजून चाकांना जोडलेलं आहे. दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा, इंडिकेटर किंवा हझार्ड लाइट लावा, गिअर कमी करत वेग उतरवा आणि मोकळी जागा बघून कडेला घ्या. इंजिन बंद पडलं असेल तर ब्रेक सारखा सारखा मारू नका, एकदाच दाबून धरा. घाटात असाल तर चाकांना दगड लावल्याशिवाय गाडीतून लांब जाऊ नका. कारण सापडेपर्यंत भरलेली गाडी घाटात घालू नका. नाशवंत माल असेल तर दुसरी गाडी बोलवा, भाडं गेलं तरी चालेल.

गॅरेजला जाताना एवढं लिहून न्या

जड लागतं ते उभ्या गाडीत की चालत्या, थंड की गरम, रिकाम्या की भरल्या? एका बाजूला की दोन्ही? रेस दिल्यावर फरक पडतो का? आवाज कसा आहे? तेल किती दिवसांत किती कमी होतं? टायर, बॉक्स किंवा बेल्टचं काम नुकतंच झालं होतं का?

मोबाइलवर एवढ्या सहा ओळी लिहून नेल्या तर चांगल्या मिस्त्रीचा अर्धा वेळ वाचतो. आणि समोरचा माणूस त्या न वाचताच ‘बॉक्स बदला’ म्हणाला, तर गाडी दुसऱ्या गॅरेजला दाखवायला हरकत नाही.